पाच किलो भुसा : वहीतल्या नोंदी

१२ जुलै २०२५, शनिवार

संध्याकाळी भाऊजी आले आणि ओट्यावर पाच किलोची चंदेरी पिशवी टेकवली. ते हॉटेलांना किराणा पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे कामाला आहेत. बाहेरचा खोका भिजून फाटला म्हणून गिऱ्हाइकाने माल परत पाठवला, आतली पिशवी धड होती, मालकाने साडेपाचशेत देऊन टाकली. आत बटाटा फ्लेक्स. "वहिनी, रोजचं उकडणं-सोलणं गेलं तुमचं," म्हणाले, चहा घेतला आणि मुलुंड स्टेशनकडे पळाले.

सासूबाईंनी चिमूटभर तळहातावर घेऊन फुंकर मारली. निम्मे उडाले. "हा तर भुसा आहे." झालं, नाव पडलं.

तारीख ३० सप्टेंबरची आहे. पण एकदा फोडलेली पिशवी मुंबईच्या पावसात तोवर टिकवणं कठीण, म्हणून गणपतीच्या आत संपवायची. मी सोमवार ते शुक्रवार बावीस डबे देते. डबेवाले दादा सकाळी नऊला दारात असतात आणि डबा उघडतो फोर्टात नाहीतर बीकेसीत, एक वाजता. नऊला छान लागलेल्या पदार्थाचा मला काही उपयोग नसतो. तेव्हा रोज एक जादा डबा भरून घरीच झाकून ठेवायचा आणि एकला उघडून खायचा. वहीत त्याला 'एकचा' म्हणेन.

पिशवीवर लिहिलंय: बटाटा, इमल्सिफायर ४७१, ४५०, आम्लता नियंत्रक ३३०. मीठ नाही, हळद नाही. बरं झालं.

१३ जुलै, रविवार

पहिला घाणा. १०० ग्रॅम भुसा, ४५० मिली खळखळतं पाणी, वर लोणी, आणि गुठळ्या नकोत म्हणून हँड ब्लेंडर फिरवला. अर्ध्या मिनिटात पातेल्यात खळ तयार. लेकीने चमचा भरून उलटा धरला, तो गोळा चमचा सोडेना. "आई, हे वहीला लाव, फाटलेली पानं चिकटतील." चव बटाट्याची होती, पण दाताला चिकटत होतं. फेकलं.

दुसरा घाणा. पाणी उकळून गॅस बंद केला, पाच मिनिटं थांबले. ३०० मिली ते पाणी आणि १५० मिली फ्रिजमधलं गार दूध एकत्र केलं, त्यावर भुसा भुरभुरवला आणि हात लावला नाही. दोन मिनिटांनी काट्याने वरवर हलवलं. मऊ, दाणेदार, चमच्यावरून सुटणारा लगदा. मीठ, लोणी, मिरपूड. लेकीने दोनदा घेतला.

भुसा तोच, एकूण पाणीही तेवढंच. फरक फक्त किती गरम आणि किती घोटलं याचा.

१४ जुलै, सोमवार

दुपारी डबे गेल्यावर हा चिकटपणा कुठून आला ते वाचत बसले. सांगण्यासारखं आहे.

बटाट्यात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे पाच किलो बटाट्यांचा साधारण एक किलो भुसा, आणि माझ्या ओट्यावर ही पंचवीसेक किलो बटाट्यांची रास पडली आहे. संत्र्याच्या फोडीत रसाच्या बारक्या पिशव्या असतात ना, तशा बटाट्यात पेशी, आणि त्यात स्टार्च. शिजताना तो पेशीतल्या पेशीत फुगतो. पेशी शाबूत राहिल्या तर बटाटा भुसभुशीत लागतो. पेशी फुटल्या की स्टार्च बाहेर सांडतो आणि खळ होते. मिक्सरमध्ये उकडलेला बटाटा घातलेल्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे.

कारखान्यात बटाटा सरळ शिजवून वाळवला तर सगळाच चिकट होणार. त्यावरचा उपाय १९५० च्या दशकात अमेरिकी कृषी खात्याच्या फिलाडेल्फियाजवळच्या प्रयोगशाळेत बसवला गेला. काप आधी साधारण ७० अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं धरायचे, मग चक्क गार करायचे, आणि त्यानंतर वाफेवर पूर्ण शिजवायचे. मधल्या गारव्यात स्टार्च पेशीच्या आत घट्ट बसतो. रात्रीचा भात सकाळी मोकळा होतो आणि फोडणीला बरा पडतो, त्याचंच हे भावंड. मग लगदा करून वाफेने तापलेल्या फिरत्या मोठ्या पिंपावर पातळ पसरतात, तो काही सेकंदांत वाळतो, पात्याने कागदासारखा खरवडतात आणि चुरा करतात. ४७१ ही तेलातुपापासून केलेली वस्तू, सांडलेल्या स्टार्चला चिकटू देत नाही. ४५० मुळे रंग काळवंडत नाही.

एवढी खटपट करून शाबूत ठेवलेल्या पेशी मी काल ब्लेंडरने अर्ध्या मिनिटात फोडल्या.

सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे वाळवणच की." खरंच. दक्षिण अमेरिकेत आंदीजच्या डोंगरांत लोक शेकडो वर्षं बटाटे रात्रीच्या थंडीत गोठवतात, पायाने तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. त्याला 'चुन्यो' म्हणतात. आपण मे महिन्यात गच्चीवर कीस घालतो. तो कीस सासूबाई दरवर्षी करतात, कावळ्यांवर नजर ठेवायचं काम माझं.

१७ जुलै, गुरुवार

गुरुवारी पुरी-भाजी असते. भाऊजींचं ऐकलं. ४८० ग्रॅम भुसा भिजवला, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, आलं-मिरचीची फोडणी दिली. पहाटे पाऊण तास वाचला, हे मान्य.

नऊला ठीक दिसत होती. एकचा उघडला तर थिजलेला पिवळा गोळा, वर तेलाची कड, फोड एकही नाही. भाजी म्हणजे काही फोडी मोडलेल्या आणि काही अख्ख्या, त्यातच तिची मजा. दीड वाजता फोन, "ताई, आज पुरीबरोबर उपमा दिलात का?" संध्याकाळपर्यंत असे तीन. उद्या सगळ्यांना नारळाची वडी देऊन प्रकरण मिटवायचं.

नोंद: भाजी पुन्हा करायची नाही.

२० जुलै, रविवार

आज दोन गोष्टी झाल्या आणि दुसरी योगायोगाने.

पहिली. फक्त भुशाच्या सारणाचे बटाटेवडे. सारण गुळगुळीत, गोल वळले गेले, तळले, दिसायला देखणे. आत मेण. यजमानांनी अर्धा खाल्ला आणि विचारलं, "यात बटाटा आहे का?" आहे, फक्त बटाटाच आहे, हेच तर दुखणं.

दुसरी. मग खरे बटाटे उकडले. या दिवसांत बाजारात जो बटाटा येतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये काढून शीतगृहात ठेवलेला. फार थंडीत बटाट्यातला स्टार्च थोडा थोडा साखरेत बदलतो, म्हणून पावसाळ्यात बटाटा गोडसर लागतो आणि तळताना लवकर लाल होतो. शिवाय कुकरमध्ये एक शिट्टी जास्त झाली. कुस्करल्यावर सारण ओलं, हाताला लागणारं, वडा वळेना. एरवी मी अशा वेळी पोहे भरडून घालते किंवा ब्रेडचा चुरा, आणि चव बिघडते. समोर भुसा होता. एक किलो बटाट्याला तीन मोठे चमचे, म्हणजे पंधराएक ग्रॅम, भुरभुरवला आणि दहा मिनिटं झाकून ठेवलं. सारण आपोआप आवळलं, वडे सुटसुटीत वळले. फोडी होत्या, चव बटाट्याची होती, परकं काहीच नव्हतं. तळताना एकही फुटला नाही.

आठवडाभर मी चुकीच्या जागी मेहनत करत होते. याला बटाट्याच्या जागी उभा केला की तो तोंडघशी पडतो. याच्या अंगात आहे ती तहान. स्वतःच्या वजनाच्या चौपट-साडेचौपट पाणी पितो, तेही गार असलं तरी, कारण स्टार्च आधीच शिजलेला आहे. कॉर्नफ्लॉवर किंवा तांदळाच्या पिठाला त्यासाठी उकळी लागते. जिथे जिथे पाणी मला त्रास देतं, तिथे तिथे हा लावून बघायचा. उद्यापासून यादी त्या बाजूने.

२३ जुलै, बुधवार

उद्या दीप अमावास्या, त्यातून गुरुवार, परवा श्रावण. म्हणजे मासळीचा आजचा शेवटचा दिवस. मोठ्या बोटींना ३१ जुलैपर्यंत बंदी आहे, त्यामुळे भाव ऐकून पिशवी घट्ट धरली, तरी बोंबील घेतलेच. पाण्याने त्रास देणारा बोंबलाहून मोठा कोण? चिरून, मीठ लावून, दोन ताटांमध्ये वरवंट्याखाली तासभर दाबले. तरी ओल राहतेच.

तीन पद्धती, चार-चार तुकडे. एक, नेहमीचं तांदळाचं पीठ आणि रवा: जसं असतं तसं. दोन, नुसता भुसा: बोंबील शिजायच्या आत बाहेरून करपट, कारण पापुद्रे कागदासारखे पातळ आणि त्यात बटाट्याची थोडी साखर. तीन, भुसा हाताने चुरून निम्मा, तांदळाचं पीठ निम्मं, मध्यम आच, तेल जरा जास्त. हे पहिल्या दोघांनी बघतच राहावं असं झालं. बाहेर कुरकुरीत जाळी, आत बोंबील लोण्यासारखा. आगळ आणि लसणाच्या वाटणाने ओला झालेला तुकडा भुशात दाबला की तो ओल पिऊन अंगाला बिलगतो, कढईत सुटत नाही.

एकचा नाही. हे डब्यात जाण्याइतकं उरतच नाही.

२८ जुलै, सोमवार

पहिला श्रावणी सोमवार. डब्यांपैकी नऊ जण उपासाचे. साबुदाणा वडा, शेंगदाण्याची चटणी, दही, केळं.

आधी घरात न्यायनिवाडा. सासूबाईंनी भिंग आणून पिशवी वाचली. "४७१ म्हणजे काय गं?" सांगितलं. "हिरवा ठिपका आहे," मी म्हटलं. "हिरवा ठिपका शाकाहाराचा. उपासाचा ठिपका कुठे आहे?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचे वडे नुसत्या उकडलेल्या बटाट्याचे वेगळे केले. बाकीच्यांना रविवारीच व्हॉट्सॲपवर विचारलं होतं: पाकिटातला बटाटा चालेल का, त्यात अमुक तमुक आहे. आठ जणांना चालतो, एकीला नाही. तिचे सासूबाईंच्या घाण्यातले.

साबुदाणा वड्याची भीती म्हणजे तो तेलात फुटतो. साबुदाणा जास्त भिजला किंवा निथळला नाही की आत वाफ कोंडते. अर्धा किलो साबुदाणा, उकडलेले बटाटे ३५० ग्रॅम, दाण्याचं कूट २०० ग्रॅम, जिरं, मिरची, सैंधव. यात भुसा ३० ग्रॅम, भिजवून नाही, कोराच. मळून पंधरा मिनिटं ठेवला. एकही फुटला नाही. एका छोट्या घाण्यात ६० ग्रॅम घातला होता, ते वडे कडक झाले, साबुदाण्याची लवचीक चघळ गेली. तिसावर थांबायचं.

एकचा: वडा मऊ पडतो हे मान्यच, पण आतून ओला-गिळगिळीत झाला नाही. सासूबाईंच्या घाण्यातला तेवढा टिकला नव्हता. त्यांना मी हे सांगितलेलं नाही.

शिल्लक ३ किलो ९००.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. आमच्याकडे आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तळायचं नाही, तवा चढवायचा नाही. पुरणाचे दिंड वाफवतो. डब्यांना दरवर्षी भाजीचा प्रश्न येतो, कारण न चिरता काय करणार?

ताकातली उकड केली, अर्धी तांदळाच्या पिठाची. आंबट ताकात आलं ठेचून, मिरच्या हाताने मोडून, कोथिंबीर खुडून, मीठ, जिऱ्याची फोडणी. पिठी नेहमीसारखी शिजवून घेतली आणि गॅस बंद केल्यावर वरून तेवढाच भुसा. लाकडी उलथन्याने दोन वळसे, झाकण. वर कच्चं तेल.

फारच छान झाली. नुसत्या पिठीची उकड गार झाली की वडीसारखी आवळते, ही एकलाही चमच्याने खाता आली. इथे भुसा आंबट ताक पितो आणि धरून ठेवतो.

सासूबाईंनी वाटीभर खाल्ली. बटाटा चिरल्याचं पाप लागतं का, असं लेकीने मुद्दाम विचारलं. "ज्याने पिशवीत भरला त्याने चिरलाय, त्याच्या माथी."

२ ऑगस्ट, शनिवार

पाव. शनिवारी डबे नाहीत, ओव्हन लावायला वेळ असतो. हा बेत जाऊबाईंचा, त्या बेकिंगच्या वर्गाला जाऊन आल्या आहेत. मागे एकदा उकडलेला बटाटा घालून केलेला त्यांचा पाव मऊ झाला होता, पण बटाट्यात किती पाणी आहे याचा अंदाज चुकला की कणीक हातात राहत नाही. भुशात तो प्रश्नच नाही, त्यात पाणी जवळजवळ नाहीच. लागेल तेवढं आपण मोजून घालायचं.

मैदा ५००, भुसा ५०, पाणी ४२०, साखर २०, मीठ ९, इन्स्टंट यीस्ट ५, लोणी ३०. सगळं ग्रॅममध्ये, पाणीसुद्धा वजनावर. भुसा आधी पाण्यात दहा मिनिटं भिजवला, मग बाकीचं. एरवी एवढ्या मैद्याला मी ३१० पाणी घालते. म्हणजे ११० जास्त पाणी घालूनही कणीक वळली. सुरुवातीला चिकट, पंधरा मिनिटं मळल्यावर तकतकीत. पहिल्यांदा फुगायला सव्वा तास, लाद्या लावून पुन्हा पाऊण तास, १९० अंशांवर वीस मिनिटं.

आजचा पाव मऊ आहे यात नवल नाही, आजचा कुठलाही पाव मऊच असतो. खरी परीक्षा सोमवारची.

४ ऑगस्ट, सोमवार

शनिवारचे सहा पाव झाकून ठेवले होते, तीन भुशाचे आणि तीन साधे. साधे कडेने चुरा होऊ लागले. भुशाचे बोटाने दाबले तर पुन्हा वर आले. पाव शिळा होतो तो नुसता वाळून नाही. आतला स्टार्च पुन्हा घट्ट बसत जातो आणि पाणी सोडतो. इथे जादा पाणी धरून ठेवणारा कुणीतरी आत बसलाय.

एक वाईट गोष्ट: भाजीत बुडवला की भुशाचा पाव लवकर लगदा होतो. मिसळीला नको. मस्का लावून चहाबरोबर उत्तम.

७ ऑगस्ट, गुरुवार

आठवड्याचं थोडक्यात. टोमॅटोचं सार पातळ झालं तर शेवटी चमचाभर, उकळायची गरज नाही. पालक सूपमध्ये क्रीमऐवजी, कुणाला कळलं नाही. कोबीच्या पराठ्याचं सारण मीठ लागल्यावर पाणी सोडतं, त्यात दोन चमचे, पराठा लाटताना फुटला नाही. रगडा पॅटिसच्या पॅटिसमध्ये ब्रेडऐवजी, एकचाही नापास नाही. खारट आमटीत घातला तर आमटी खारट आणि दाट, दोन्ही झाली. बटाटा मीठ ओढून घेतो म्हणतात ते माझ्या हाताला काही जमलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

जी तहान कौतुकाची वाटत होती तिनेच घात केला. शुक्रवारी पिशवीला क्लिप लावायची राहिली. दोन रात्री पाऊस, खिडकी उघडी. आज वरचा थर मऊ, गुठळ्या, वास किंचित जुन्या तुपासारखा. वरचे दोनेकशे ग्रॅम टाकले. बुरशी दिसत नव्हती, पण लोकांच्या डब्याचं काम आहे, शंका ठेवून चालत नाही. खालचा ठणठणीत. तो कोरड्या स्टीलच्या तीन डब्यांत भरला, चमचाही वेगळा कोरडा ठेवला. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. रवा-मैद्याचे डबे घट्ट लावणारी मी, हा 'पाकिटातला' म्हणून निष्काळजी राहिले.

अर्धा किलो जाऊबाईंना पावासाठी दिला. शिल्लक २ किलो ५५०.

१२ ऑगस्ट, मंगळवार

अंगारकी. उपासाला बटाट्याचा शिरा, आणि या खेपेला पहिल्यांदा भुसा आधी तुपात भाजून बघितला, रव्यासारखा. मिनिटभरात तांबूस होतो, दोन मिनिटांत करपतो. आच अगदी मंद आणि हात चालता. पण भाजला की गंमत अशी की तुपाचं आवरण बसल्यामुळे दूध हळूहळू पितो, लगदा होत नाही, दाणा दाणा राहतो. १०० ग्रॅम भुसा, ६० ग्रॅम तूप, ३५० मिली गरम दूध, ९० ग्रॅम साखर, वेलची, बदामाचे काप. खव्याच्या बर्फीच्या जवळ जाणारी खमंग चव. उकडलेल्या बटाट्याच्या शिऱ्याला हा खमंगपणा येत नाही, कारण तो ओला असतो, भाजला जाण्याऐवजी वाफाळतो. महिन्याभरात हा एकच पदार्थ असा निघाला की ज्यात भुसा खऱ्या बटाट्याला मागे टाकतो.

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या वाट्याचा नको, पण वास चांगला आहे."

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. काल अर्धे डबे उशिरा पोचले, आज शाळा-कार्यालयांना सुट्टी जाहीर झाली आणि गाड्यांचे हाल. डबे बंद. भाजीवाला आलाच नाही, घरात दोन टोमॅटो आणि तूरडाळ. खालच्या मजल्यावरचे आजी-आजोबा जेवायला वर आले, त्यांच्याकडे वीज नव्हती.

वरणफळं करायला घेतली आणि कणकेत भुसा घातला. १०० ग्रॅम भुसा, २५० मिली कोमट पाणी, दहा मिनिटांनी त्यात १२० ग्रॅम कणीक, मीठ, ओवा. जास्त मळायचं नाही, गोळा जेमतेम जमला की पुरे. सुपारीएवढ्या गोळ्या करून अंगठ्याने मधोमध दाबल्या. चिंच-गुळाची आमटी खळखळत असताना सोडल्या. आधी तळाला जातात, दोन-तीन मिनिटांत वर येतात, वर आल्यावर आणखी एक मिनिट. ढवळायचं नाही, पातेलं हलवायचं. पहिली एक गोळी मी कणीक कमी घालून करून बघितली होती, ती आमटीत विरघळून गेली. गव्हाचा चिवटपणा लागतोच.

इटलीत बटाट्याच्या अशाच गोळ्या उकडून खातात, असं लेकीने मोबाईलवर दाखवलं. आजोबा म्हणाले, "आमच्या गावची शेंगोळी अशीच, फक्त कुळथाची." पाच माणसांत काही उरलं नाही. दात नसलेल्या आजींनी तिसऱ्यांदा वाढून घेतलं, त्यामुळे हे पुन्हा करणार.

शिल्लक १ किलो १००.

२३ ऑगस्ट, शनिवार

चार दिवसांवर चतुर्थी. मोदकाच्या उकडीत भुसा? मोह आवरला नाही. आंबेमोहोराची पिठी २०० ग्रॅम, त्यात २० ग्रॅम भुसा, पाणी थोडं वाढवून. उकड मळायला लोण्यासारखी, पारी पातळ, कळ्या भरभर पडल्या, चिरा नाहीत. मला वाटलं जिंकले.

वाफवल्यावर झाकण काढलं तर मोदक खाली बसलेले, कळ्या एकमेकींत मिसळून गेलेल्या, रंग पिवळट, तांदळाची ती पांढरी चकाकी नाही. चव वाईट नव्हती, गार झाल्यावर पारी मऊच राहिली. पण कळ्याच नाहीत तर त्याला मोदक कोण म्हणेल? दहा ग्रॅम घालूनही पाहिले, जरा कमी बसले, बसले मात्र. सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत, फक्त पिठीचा डबा माझ्या हातून काढून घेतला. बुधवारचे एकवीस त्या करणार.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज शेवटचं मोठं काम, डब्यांसाठी कटलेट. बीट-गाजर किसलं की पाणी सुटतं, त्यात ९० ग्रॅम आतून, चुरलेला ६० ग्रॅम बाहेरून. एकचा: कडेने अजून कुरकुरीत. तीन जणांनी जास्तीचे मागितले, त्यात तो 'उपमा'वालाही होता.

दुपारी वजन केलं तर १२० ग्रॅम उरला. बाकीचा या आठवड्यात पराठे, सार, जाऊबाईंचा आणखी एक पाव यांत गेला.

संध्याकाळी लेक आणि यजमान मखराला बसले. पुठ्ठ्याच्या कमानीवर पिवळा कागद चिकटवायचा होता आणि फेव्हिकॉलची बाटली कोरडी. बाहेर पाऊस. लेक स्वयंपाकघरात आली, उरलेला भुसा पातेल्यात ओतला, खळखळतं पाणी घातलं आणि हँड ब्लेंडर लावला. मी ओरडायच्या आत खळ तयार. १३ जुलैची, तशीच्या तशी. कागद सुरकुती न पडता बसला, वाळल्यावर डागही नाही. मुंग्या येतील म्हणून सासूबाईंनी त्यात हळद आणि चिमूटभर मोरचूद घालायला सांगितलं. मोरचूद विषारी, म्हणून ते पातेलं आता स्वयंपाकातून बाद, रंगाच्या ब्रशांना दिलं.

डबे तिन्ही घासून पालथे घातले. भाऊजींचा फोन येऊन गेला: दुकानात दहा किलोचा सोया चुरा परत आलाय, आणू का? उद्या सांगते म्हटलं.